दीर्घकालीन हिपॅटायटिस सी : विषाणुरोधक औषधसंयोगांच्या चाचण्या

हिपॅटायटिस सी विषाणूमुळे होणारा यकृतदाह सहा महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास त्यास दीर्घकालीन हिपॅटायटिस सी असे म्हणतात. हा विषाणू पूर्णपणे नष्ट करण्यासाठी दोन किंवा अधिक औषधे एकत्र दिली जातात. कोणती औषधे, कोणत्या रुग्णास, किती आठवडे द्यावीत हे ठरविण्यासाठी झालेल्या चाचण्यांचा या लेखात विचार केला आहे. विषाणूचा शोध 1989 साली लागला. त्या शोधाशी निगडित कार्यासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एकच औषध का पुरत नाही

हिपॅटायटिस सी हा आरएनए प्रकारचा विषाणू असून त्याची जनुकीय संहिता सुमारे 9,600 अक्षरांची आहे. बाधित व्यक्तीच्या शरीरात दररोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणुकण तयार होतात. संहितेची नक्कल करणारे विषाणूचे विकर झालेल्या चुका दुरुस्त करीत नाही. परिणामी संहितेतील प्रत्येक अक्षराचा बदल एकाच दिवसात कोठे ना कोठे घडून जातो. एखाद्या औषधास दाद न देणारा विषाणू औषध सुरू होण्यापूर्वीच शरीरात अल्प प्रमाणात असतो. एकटे औषध दिले की बाकीचे मरतात आणि तोच वाढतो. टेलाप्रेविर हे औषध एकटे देऊन पाहिले तेव्हा अशी प्रतिरोधक रूपे काही दिवसांतच दिसू लागली. वेगवेगळ्या ठिकाणी आघात करणारी दोन औषधे एकाच वेळी दिल्यास दोहोंना चुकविणारा विषाणू आढळण्याची शक्यता फारच घटते. क्षयरोग आणि एचआयव्ही यांच्या उपचारांतील तत्त्व हेच आहे.

औषधांची नावे प्रथम क्लिष्ट वाटतात, परंतु त्यांना जणू व्याकरणातील प्रत्यय जोडलेले असतात. ‘प्रेविर’ने संपणारी औषधे विषाणूची प्रथिने तोडणारे विकर रोखतात, ‘अस्विर’ने संपणारी एनएस5ए या प्रथिनावर काम करतात आणि ‘बुविर’ने संपणारी संहितेची नक्कल थांबवितात. चांगल्या संयोगात बहुधा दोन भिन्न प्रत्यय असतात. सोफोसबुविर व वेल्पाटास्विर हे त्याचे उदाहरण होय.

यश कसे मोजतात

उपचार संपल्यानंतर 12 आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए आढळला नाही, तर रुग्ण बरा झाला असे मानतात. यास चिरस्थायी विषाणुप्रतिसाद म्हणतात. पूर्वी यासाठी 24 आठवडे थांबत. दोन्ही वेळचे निष्कर्ष जवळजवळ नेहमी जुळतात असे आढळल्यावर मुदत निम्मी झाली. दीर्घकालीन संसर्ग आपोआप नाहीसा होण्याचे प्रमाण नगण्य आहे. त्यामुळे अनेक चाचण्यांत प्लासिबो घेणारा स्वतंत्र गट न ठेवता पूर्वीच्या उपचारांच्या निकालांशी तुलना करणे ग्राह्य ठरले.

इंटरफेरॉनपासून गोळ्यांपर्यंत

प्रारंभी इंटरफेरॉनची इंजेक्शने एकटीच दिली जात. 1998 मध्ये त्यांच्या जोडीस रिबाविरिन आले, तर 2001 नंतर आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे पेगिलेटेड इंटरफेरॉन वापरात आले. जनुकप्रकार 1 च्या रुग्णांना हा उपचार 48 आठवडे घ्यावा लागे आणि त्यांपैकी निम्मेही बरे होत नसत. ताप, रक्तक्षय आणि नैराश्य यांमुळे अनेकांना तो अर्धवट सोडावा लागे.

इंटरफेरॉनशिवाय रोग बरा होऊ शकतो, हे दाखविणारा महत्त्वाचा पुरावा एका अगदी छोट्या चाचणीतून मिळाला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, पूर्वीचा उपचार ज्यांना लागू पडला नव्हता अशा 11 रुग्णांना केवळ डॅक्लाटास्विर व असुनाप्रेविर ही दोन औषधे 24 आठवडे दिली गेली. त्यांपैकी चौघे बरे झाले. प्रमाण कमी होते, पण इंजेक्शनाशिवाय हे अशक्य आहे ही समजूत त्यामुळे ढासळली.

त्याच वर्षी या क्षेत्रास धक्काही बसला. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीच्या बीएमएस-986094 या औषधाच्या चाचणीत रुग्णांना हृदयविकार जडला, एकाचा मृत्यू झाला आणि ऑगस्ट 2012 मध्ये संशोधन थांबविण्यात आले.

सोफोसबुविर व डॅक्लाटास्विर या जोडीची 211 रुग्णांवरील चाचणी 2014 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. जनुकप्रकार 1 च्या, पूर्वी उपचार न घेतलेल्या रुग्णांपैकी 98 टक्के बरे झाले. मात्र ही दोन औषधे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची होती. सोफोसबुविर विकसित करणारी फार्मासेट कंपनी गिलियडने 2011 मध्ये सुमारे 11 अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला आणि पुढे स्वतःच्या लेडिपास्विरशी त्याचा संयोग करण्याचा मार्ग धरला. निकाल इतके उत्तम असूनही या जोडीची पुढील चाचणी दोन्ही कंपन्यांनी मिळून केली नाही. औषधसंयोगाची निवड केवळ विज्ञान करीत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

जनुकप्रकार 3 चा पेच

भारताच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे येतो. या विषाणूचे अनेक जनुकप्रकार आहेत. अमेरिकेत जनुकप्रकार 1 चे प्राबल्य असल्याने नव्या औषधांची आखणी प्रामुख्याने त्याच्याभोवती झाली. पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2003 साली भारतातील जनुकप्रकारांच्या वाटणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. येथे प्रकार 3 व त्याखालोखाल प्रकार 1 आढळतो, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले.

इंटरफेरॉनच्या काळात प्रकार 3 तुलनेने सोपा समजला जाई. नव्या औषधांनी हा क्रम उलटविला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिशन’ चाचणीत सोफोसबुविर व रिबाविरिन 12 आठवडे दिल्यावर प्रकार 2 चे 97 टक्के रुग्ण बरे झाले, परंतु प्रकार 3 चे केवळ 56 टक्के. जुन्या इंटरफेरॉन उपचाराने त्याच चाचणीत प्रकार 3 चे 63 टक्के बरे झाले होते. युरोपात चालू असलेल्या ‘व्हॅलेन्स’ चाचणीत यामुळे मध्येच बदल करावा लागला. प्लासिबोचा गट बंद करण्यात आला आणि प्रकार 3 साठी मुदत 24 आठवडे केली गेली. यशाचे प्रमाण 85 टक्क्यांपर्यंत वाढले. पुढे ‘अ‍ॅस्ट्रल-3’ चाचणीत सोफोसबुविर व वेल्पाटास्विर यांनी 12 आठवड्यांतच 95 टक्के यश मिळविले, तर सोफोसबुविर व रिबाविरिन 24 आठवडे देऊनही ते 80 टक्केच होते. यकृत सिरोसिस झालेल्या रुग्णांत मात्र अडचण राहिली होती. सोफोसबुविर-डॅक्लाटास्विरच्या ‘अ‍ॅली-3’ चाचणीत सिरोसिस नसलेल्यांत 96 टक्के, तर असलेल्यांत 63 टक्के यश दिसले.

निसटलेले धोके

चाचणीत कोणाला घ्यायचे याच्या अटी कडक असतात आणि ज्यांना वगळले त्यांच्याविषयी चाचणी मूक राहते. हिपॅटायटिस बी चीही बाधा असलेल्या रुग्णांना बहुतेक चाचण्यांत प्रवेश नव्हता. औषधे सर्वत्र वापरात आल्यावर, सी नष्ट होताच दबलेला बी उफाळून येतो असे आढळले. ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबाबत सर्वांत कडक इशारा दिला. त्यामुळे आता उपचारापूर्वी हिपॅटायटिस बी ची तपासणी करून घेतात.

भारतातील चाचण्या व उपयोग

अमेरिकेत सोफोसबुविरच्या 12 आठवड्यांच्या उपचाराची किंमत 84,000 डॉलर होती. सप्टेंबर 2014 मध्ये गिलियडने भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले. जानेवारी 2015 मध्ये पेटंट कार्यालयाने सोफोसबुविरसंबंधीचा कंपनीचा एक अर्ज फेटाळला होता, तथापि मे 2016 मध्ये पेटंट मंजूर झाले. डॅक्लाटास्विरचा परवाना नोव्हेंबर 2015 मध्ये मेडिसिन्स पेटंट पूल या संस्थेमार्फत खुला झाला. भारतीय कंपन्या दोन्ही औषधे बनवू लागल्या आणि परदेशात अडलेली ती जोडी येथे सहज उपलब्ध झाली.

भारतीय रुग्णांवर सोफोसबुविर व रिबाविरिन यांची चाचणी 117 जणांवर झाली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकार 1 व 3 च्या रुग्णांना 16 किंवा 24 आठवडे औषध दिले असता सर्व गटांत यश 90 टक्के किंवा अधिक होते.

पंजाब राज्याने जून 2016 पासून राबविलेल्या मोफत उपचार योजनेचा अनुभव अधिक बोलका आहे. पहिल्या दोन वर्षांत 48 हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. उपचार पूर्ण करून 12 आठवड्यांनंतरच्या तपासणीस आलेल्यांत यश 91.6 टक्के होते. जे परत आलेच नाहीत त्यांना अयशस्वी धरल्यास तेच प्रमाण 67.6 टक्क्यांवर येते. न आलेल्यांपैकी बरेच जण बरे झालेले असू शकतात. बरे वाटू लागल्यावर रोजंदारी बुडवून पुन्हा रक्त द्यायला कोण येणार? तरीही एखाद्या अहवालातील टक्केवारी वाचताना ती कोणत्या संख्येवर काढली आहे हे पाहावेच लागते.

28 जुलै 2018 रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात सिरोसिस नसलेल्या रुग्णास सोफोसबुविर व डॅक्लाटास्विर 12 आठवडे, तर सिरोसिस असून यकृताचे कार्य टिकून असल्यास सोफोसबुविर व वेल्पाटास्विर 12 आठवडे मोफत दिले जाते. यकृताचे कार्य ढासळलेले असल्यास त्यास रिबाविरिनची जोड देतात आणि ते सोसत नसल्यास मुदत 24 आठवडे करतात. हे उपचार सर्व जनुकप्रकारांवर चालत असल्याने प्रकार ओळखण्याची महागडी तपासणी आता बहुतेक रुग्णांना करावी लागत नाही.