औषधांच्या पिशवीत चार्जरही हवा

माझ्याकडे अनेक वर्षे उपचारांसाठी येणारे एक गृहस्थ एकाहत्तराव्या वर्षीही चार-पाच व्यापाऱ्यांचे हिशेब पाहतात. सहा महिने ते पत्नीसह पुण्यात असतात, सहा महिने बंगळूरला मुलाकडे. काम लॅपटॉपवर होत असल्याने प्रवासातही त्यात खंड पडत नाही. मागच्या खेपेस त्यांनी गाडीत दिवसभर काम केले. रात्री नेहमीप्रमाणे इन्सुलिन घेतले; जेवण मात्र कामाच्या नादात अर्धेच झाले. मध्यरात्री त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर मोजण्याच्या यंत्राची बॅटरी संपलेली, मोबाइल बंद पडलेला आणि डब्यातील सॉकेटला वीज नाही. पत्नीला मुलाचा नंबर पाठ नव्हता. समोरच्या बर्थवरील प्रवाशाने साखर घातलेले पाणी दिले, म्हणून प्रसंग निभावला.

परतल्यावर त्यांनी हे हसत हसत सांगितले; मला मात्र हसू आले नाही. निघण्यापूर्वी ते मला भेटून गेले होते. मी गोळ्यांची यादी तपासली होती, पण यंत्रांच्या बॅटरीविषयी एक शब्दही विचारला नव्हता. ज्येष्ठांच्या प्रवासात चार्ज हेही एक औषधच आहे. ते निघण्यापूर्वी मोजून घ्यावे.

निघण्यापूर्वी

ग्लुकोमीटर व रक्तदाबाच्या यंत्रात नवे सेल घाला, एक जोड सोबत ठेवा. श्रवणयंत्राच्या झिंक सेलवरील चिकटपट्टी आधीच काढू नका. ती काढताच सेल खर्ची पडू लागतो. पॉवर बँक शक्यतो दोन न्या आणि त्यांपैकी एक फक्त मोबाइलसाठी राखून ठेवा. विमानात पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते. इन्सुलिनही हातातील पिशवीतच असू द्या.

प्रवासात

आगीचा धोका टाळण्यासाठी अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवतात. म्हणून फोन संध्याकाळीच पूर्ण चार्ज करा. हे सॉकेट मोबाइल-लॅपटॉपपुरतेच असतात. घरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर त्यांवर चालवू नये. ऑक्सिजन लागणाऱ्यांनी किंवा सीपॅप लावून झोपणाऱ्यांनी प्रवासी बॅटरीची सोय डॉक्टरांशी बोलून आधीच करावी. सीपॅपचा तापवणारा ह्युमिडिफायर बंद ठेवल्यास बॅटरी बरीच अधिक टिकते. पेसमेकर असल्यास मोबाइल आणि चुंबकीय चार्जर त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावा. शर्टच्या खिशात फोन नको.

आणि यंत्र बंद असताना साखर उतरल्याची लक्षणे दिसली, तर आकड्याची वाट पाहू नका. रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्या. बरे वाटल्यावर खायला द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने मदत मागा.

संपर्कासाठी

एका कागदावर मुलांचे दोन नंबर, आजार, औषधे व डॉक्टरांचा नंबर ठळक अक्षरांत लिहून खिशात ठेवा. कागदाला चार्जिंग लागत नाही. त्यावरच ११२ (आपत्काल), १०८ (रुग्णवाहिका) व १३९ (रेल्वे) हेही लिहा. शक्य असल्यास दुसऱ्या कंपनीचे सिम घातलेला बटणांचा साधा फोन सोबत घ्या. त्याची बॅटरी दिवसेंदिवस टिकते. वैष्णोदेवी किंवा अमरनाथला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालते.

घरी असलेल्या मुला-सुनांनो, तुम्हालाही एक विनंती. दर तासाला फोन करून आई-वडिलांची बॅटरी आणि झोप दोन्ही खर्ची घालू नका. सकाळ, दुपार व रात्र अशा तीन वेळा ठरवा. ठरल्या वेळी फोन लागला नाही तर काय करायचे, हेही आधीच बोलून ठेवा.

ते गृहस्थ नुकतेच पुन्हा बंगळूरला गेले. निघण्यापूर्वी दोघेही दवाखान्यात आले होते. मी गोळ्या मोजल्या, सेल पाहिले. मग त्यांच्या पत्नीकडे वळलो, तर मी काही विचारण्याआधीच त्यांनी मुलाचा दहा आकडी नंबर न अडखळता म्हणून दाखवला.