लग्नासाठी राजीनामा, पैसे लगेच

१६ नोव्हेंबर २०२५ ला कर्मचारी पेन्शन योजनेला ३० वर्षं झाली. वर्ध्यात कुणी पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. वाटणार तरी कोण? आदल्याच महिन्यात भविष्य निर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळानं ठरवलं, की नोकरी सुटल्यावर पेन्शनचे पैसे मोडायला आता दोन नव्हे, ३६ महिने थांबावं लागेल. का, तर लोक दहा वर्षं भरण्याआधीच पैसे काढतात आणि म्हातारपणी पेन्शनला मुकतात. हे शहाणपण सुचायला ३० वर्षं लागली!

त्याआधीचा इतिहास दोन ओळींचा आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, कुटुंब पेन्शन १९७१ ची. पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्यांचा भोंगा ज्यांच्यासाठी वाजायचा, त्यांच्या घरी हे शब्द ठाऊक होते. बाईच्या वाट्याला पेन्शन यायची ती बहुधा कुंकू पुसल्यावर. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते १९९५ ते २००५ हे दशक. १५ ऑगस्ट १९९५ ला निराधार वृद्धांसाठी केंद्राची मदत सुरू झाली, महिना ७५ रुपये. तीनच महिन्यांनी कामगारांची पेन्शन आली. तेव्हा मी हिंगणघाट रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत होते. हंगाम दिवाळी ते होळी. सरकी काढायच्या रेच्यांत कापूस टाकायला बाया, कवडी आणि काडीकचरा वेचायला बाया, प्रेसवर आणि काट्यावर पुरुष. कायदा वीस कामगारांपासून लागू, म्हणून हजेरीपटावर कधी अठरा, कधी एकोणीस नावं. जी चढायची ती पुरुषांची. बायांचा हिशेब रोजंदारीच्या वहीत, पेन्सिलीनं. शेठजींना विचारलं, तर म्हणत, "बाया काय, आज आहेत, उद्या नाहीत." रोज सकाळी आठला हजर असणाऱ्या बायांबद्दल हे बोलणं!

ज्या दोन-चार मुली ऑफिसात कायम होत्या, त्यांची गत निराळी. नोकरी सोडल्यावर निधी काढायला पुरुषाला दोन महिने थांबावं लागे. लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या स्त्रीला मात्र ही अट माफ! कायद्यानं बाईला दिलेली सवलत कोणती, तर घरी लवकर जाण्याची. १९ नंबरचा फॉर्म, सोबत १०-सी. एकीचे मी भरले होते. सहा वर्षांची नोकरी, हाताला हळद लागायची बाकी. तिच्या आईनं एवढंच विचारलं, "पैसे कदी येतीन, ताई?" पैसे आले, मांडवात गेले. पेन्शनची सहा वर्षं तिथंच संपली. पुढं दोन मुलं झाल्यावर ती पुन्हा कामाला लागली ती शून्यापासून.

या योजनेचं गणित साधं आहे. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. तीन हजार पगारावर सलग पंधरा वर्षं काढली, तर महिना ६४३ रुपये. कमी पगार आणि तुटक नोकरी हीच ज्यांची रीत, त्यांच्या हाती काय येणार? सूत्रात स्त्री-पुरुष असा भेद कुठंच नाही. तो भेद घर करतं, शेठ करतो आणि सूत्र मुकाट्यानं त्याची बेरीज करतं.

जमिनीचंही तेच. नव्वदीच्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, काही गावांत सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागलंही. सप्टेंबर २००५ मध्ये वारसा कायदा बदलला, मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. मग हक्कसोडपत्राचे कागद निघाले. भाऊबीजेची साडी घेऊन सही करणाऱ्या लेकी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून राज्यानं नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता! ज्यांची पेन्शन शाबूत होती त्या पुढाऱ्यांनी फराळ केला आणि गप्प बसले. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत सात दिवस संप झाला, तेव्हा तेच लोक भाषणं द्यायला पुढे. मागणी रास्तच होती. पण रेच्यावरच्या बाईसाठी यांतला एकही कधी एक दिवस बसला नाही.

नंतरची वर्षं म्हणजे आश्वासनांची यादी. २०१३ मध्ये कोश्यारी समितीनं कामगारांची किमान पेन्शन तीन हजार करा म्हटलं. २०१४ मध्ये हजार झाली आणि तिथंच थांबली. कोश्यारी पुढं आपले राज्यपाल होऊन गेले, हजाराचे तीन हजार झाले नाहीत. माजी आमदाराला मात्र महिना किमान ५० हजार. २०१५ ची अटल पेन्शन आता आठ कोटींवर गेली आहे, त्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया. आकडा ऐकायला गोड. पण बहुतेकांनी निवडला आहे तो महिना हजाराचा टप्पा, आणि तो हजार साठीनंतर मिळणार. नीती आयोगाचा २०२४ चा अहवाल सांगतो, देशातल्या ७८ टक्के वृद्धांना कसलीच पेन्शन नाही. उरलेल्या २२ टक्क्यांत हजारवाली बाई आणि चाळीस हजारवाले साहेब एकाच रकान्यात बसतात.

पासष्टी उलटली की सरकारी योजनेतली बहीणही लाडकी राहत नाही. तिनं मग श्रावणबाळ योजनेकडे जायचं, वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला घेऊन. आणि दरवर्षी हयातीचा दाखला. बँकेत मशीनवर अंगठा टेकवायचा. "मावशी, पुन्हा लावा." पुन्हा लागत नाही. आयुष्यभर कापूस वेचून बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत.

तेव्हा ३६ महिने थांबवण्याच्या उपकाराबद्दल आभार. पण मुलगी नोकरी सोडते ती पैशाच्या मोहानं नाही, सोडायला लावतात म्हणून. बाळंतपणाची वर्षं नोकरीत धरा, हजेरीपट तपासा आणि वृद्धांच्या पेन्शनच्या पुढच्या तक्त्यात दोन रकाने वाढवा: पेन्शन स्वतःच्या कमाईची की नवऱ्याच्या पश्चातली, आणि महिना किती रुपये. ते रकाने भरले, की माझ्या पिढीतल्या बायांची श्रीमंती सरकारला एका पानावर दिसेल.