‘आज उडणार नाही’

जुहूच्या धावपट्टीवरून हेलिकॉप्टरं मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे निघतात, ती सुमारे १६० किलोमीटर भर समुद्रात. मागे लाइफ जॅकेट चढवलेले तेलकामगार, पुढे वैमानिक. कंत्राट तेल कंपनीचं, हेलिकॉप्टर दुसऱ्याच कंपनीचं. ढग खाली उतरले, वारा वाढला, की ‘आज उडणार नाही’ हे सांगायचं वैमानिकाने. कायद्याने तो अधिकार त्याचाच. पण कंत्राट नव्याने मिळवायची वेळ जवळ आली असेल, तर तो वापरायला पाठीशी कुणीतरी लागतं. हेलिकॉप्टर वैमानिकांच्या संघटनेचं खरं काम इथून सुरू होतं.

ही संघटना बांधणं मात्र अवघड. विमानांचे वैमानिक मोठ्या विमानतळांवर शेकड्यांनी भेटतात. हेलिकॉप्टरवाले दोघे या तळावर, चौघे त्या. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातातल्या तेलतळांवर सात दिवस काम, सात दिवस सुट्टी, नाहीतर चौदा-चौदा. पाळी संपली की जो तो आपापल्या गावी. त्यात व्हिएतनाम युद्धानंतर लष्करात शिकलेले हजारो वैमानिक नोकरी शोधत बाहेर पडले. माणसं मुबलक असताना पगार कोण वाढवणार?

तरीही लुइझियानातल्या लाफायेतच्या ‘पीएचआय’ कंपनीत वैमानिक एकत्र आले. ‘ओपीईआययू’ हा मूळचा कचेऱ्यांतल्या कारकुनांचा महासंघ. त्याची १०८ क्रमांकाची शाखा ही या वैमानिकांची. २००१मध्ये त्यांचा पहिला करार झाला. पुढच्या कराराची बोलणी मात्र अडली. तिथे वैमानिकांना मनात आलं म्हणून संप करता येत नाही. १९२६चा रेल्वे कामगार कायदा १९३६पासून विमानसेवेलाही लागू आहे: आधी वाटाघाटी, मग सरकारी मध्यस्थ, मग ३० दिवस थांबायचं. हे सगळं पार पडल्यावर २० सप्टेंबर २००६ला संप सुरू झाला. संपात न उतरलेल्यांना घेऊन कंपनीने उड्डाणं चालू ठेवली. नोव्हेंबरात संघटनेने विनाअट कामावर परतायची तयारी दाखवली. मागण्या पदरात पडल्याच नव्हत्या. पुढे कोर्टकचेऱ्या तेवढ्या उरल्या.

उत्तर समुद्रातली गोष्ट पगारापलीकडे जाते. २३ ऑगस्ट २०१३ला शेटलंड बेटांवरच्या सम्बराजवळ तेलकामगारांना आणणारं सुपर प्यूमा हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. १८ जणांपैकी चार प्रवासी दगावले. ब्रिटनची वैमानिक संघटना ‘बाल्पा’ आणि तेलकामगारांच्या संघटनांनी सुरक्षेचा प्रश्न लावून धरला. पुढच्याच वर्षी नियम बदलले. समुद्र फार खवळलेला असेल तर उड्डाण बंद. बुडताना श्वास घेता येईल असं सुधारित साधन जवळ नसेल, तर प्रवाशाने बाहेर पडण्याजोग्या खिडकीशेजारीच बसायचं. २०१५पासून तर खांद्यांची रुंदी मोजू लागले: ५५.९ सेंटिमीटर किंवा जास्त भरली, तर मोठ्या खिडकीजवळची जागा. जुलै २०१४मध्ये संसदीय समितीने व्यावसायिक दबावाच्या जाहीर चौकशीची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही, पण ‘दबाव’ हा शब्द सरकारदरबारी नोंदला गेला.

आपल्याकडे पवन हंस या हेलिकॉप्टर कंपनीतल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी मिळावा म्हणून एव्हिएशन कर्मचारी संघटनेने मुंबई उच्च न्यायालय गाठलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२०मध्ये निकाल कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागला. हा वाद उड्डाणाचा नव्हता, पण धागा तोच. ज्याला आपली नोकरीच मुदतीगणिक पुन्हा मागावी लागते, त्याला खराब हवेत ‘नाही’ म्हणताना समोर फक्त ढग दिसत नसतात.