जुने सॉफ्टवेअर आणि नवा संगणक

दुकानाचा हिशेब, गृहनिर्माण सोसायटीची देखभाल बिले, दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी किंवा छोट्या छापखान्यातील मजकूर यांसाठी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी एखादे सॉफ्टवेअर तयार करून दिलेले असते. ते करून देणारा आता कुठे आहे, याचा पत्ता नसतो. काम अडत नाही, त्यामुळे ते बदलण्याचा विचारही कोणी करीत नाही. मग जुना संगणक एके दिवशी कायमचा बंद पडतो, नवा येतो, जुनी फाइल त्यावर उतरवली जाते आणि ती उघडताच पडद्यावर संदेश उमटतो, की हे ॲप या संगणकावर चालू शकत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी डोळ्यांसमोर असतात, पण वाचता येत नाहीत.

अलीकडे हा अनुभव अनेकांना येऊ लागला, त्यामागे एक निश्चित कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती हे डॉसच्या काळातील प्रोग्रॅमचे विंडोजमधील अखेरचे अधिकृत घर होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपातच मिळते आणि तिच्यात या प्रोग्रॅमना जागा नाही.

लोखंड गंजते, कागद पिवळा पडतो. सॉफ्टवेअरचे तसे काही होत नाही. १९९४ साली लिहिलेला प्रोग्रॅम आजही अक्षरशः तसाच असतो. बदलते ती त्याच्या पायाखालची जमीन. प्रोग्रॅम स्वतः फारच थोडी कामे करतो. मेमरी मागणे, फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर काढणे, प्रिंटरकडे कागद पाठवणे या प्रत्येक गोष्टीसाठी तो ऑपरेटिंग सिस्टिमवर विसंबून असतो. ही मागणी कशी करायची याचे काही लेखी नियम असतात आणि काही न लिहिलेल्या सवयी. नियम सहसा पाळले जातात. घात होतो तो सवयींमुळे.

याचे एक उदाहरण संगणकविषयक लेखक जोएल स्पोल्स्की यांनी नोंदवून ठेवले आहे. 'सिमसिटी' हा लोकप्रिय खेळ मेमरीचा एखादा भाग परत केल्यानंतरही त्याच भागातून माहिती वाचत असे. ही उघड चूक होती. पण जुन्या विंडोजमध्ये परत केलेली मेमरी लगेच दुसऱ्या कोणाला दिली जात नसल्याने ती लपून राहिली. १९९५ मध्ये येऊ घातलेल्या विंडोज ९५ वर मात्र खेळ कोसळू लागला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी विंडोजमध्येच अशी सोय केली, की सिमसिटी चालू आहे असे दिसताच मेमरी थोडी सावकाश मोकळी करावी. चूक खेळाची आणि प्रायश्चित्त विंडोजने घेतले! ग्राहक मात्र नव्या विंडोजलाच दोष देणार, हे कंपनीला ठाऊक होते. विंडोजला नावे ठेवण्यास जागा पुष्कळ आहे. तरीही जुन्याला सांभाळून घेण्याचा इतका खटाटोप क्वचितच कोणी केला असेल. ॲपलने २०१९ च्या 'कॅटालिना' आवृत्तीपासून ३२ बिट प्रोग्रॅम सरसकट बंद करून टाकले.

विंडोजच्या आवृत्तीक्रमांकाचीही अशीच गंमत आहे. 'आवृत्ती ६ नसेल तर चालणार नाही' अशी तपासणी अनेक प्रोग्रॅममध्ये घाईघाईने लिहिलेली असते. त्यामुळे २००९ साली आलेल्या विंडोज ७ चा अंतर्गत क्रमांक ७ नसून ६.१ होता आणि विंडोज ११ आजही प्रोग्रॅमना आपला क्रमांक १० असाच सांगते. फाइलवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडल्यावर 'कम्पॅटिबिलिटी' नावाचा जो विभाग दिसतो, तो बऱ्याच अंशी याच जातीचा आहे. तेथे 'विंडोज एक्सपी' निवडले म्हणजे संगणकात एक्सपी अवतरत नाही. प्रोग्रॅमने विचारले की आपण एक्सपी असल्याचे सांगायचे आणि एक्सपीच्या काही जुन्या लकबी त्याच्यापुरत्या पाळायच्या, एवढेच घडते. केवळ गैरसमजामुळे अडलेला प्रोग्रॅम याने सुटतो. त्याची अडचण प्रोसेसरच्या पातळीवरची असेल, तर या विभागातील सगळे पर्याय आलटून पालटून पाहिले तरी उपयोग होत नाही.

म्हणून आपला प्रोग्रॅम किती बिटचा आहे, हे आधी शोधावे. डॉसवर आणि विंडोज ३.१ वर चालणारे प्रोग्रॅम बहुतांशी १६ बिटचे, विंडोज ९५ नंतरचे बहुतेक ३२ बिटचे. डॉसचे प्रोग्रॅम १९७८ च्या '८०८६' या प्रोसेसरच्या पद्धतीने काम करतात. पुढच्या प्रोसेसरमध्ये त्या पद्धतीची नक्कल करणारी खास सोय होती; पण प्रोसेसर ६४ बिट अवस्थेत शिरला की ती सोय बंद होते. म्हणजे विंडोज ११ ने मनावर घेतले तरी प्रोसेसरकडून ते काम थेट करून घेता येत नाही. येथे एक फसवी शक्यता ध्यानात ठेवावी. विंडोज ९५-९८ च्या काळातील काही प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचे असतात, परंतु त्यांचा सेटअप मात्र १६ बिटचा असतो. सीडीवरून सेटअप चालत नाही म्हणून प्रोग्रॅमच निकामी ठरवला जातो. अशा वेळी जुन्या संगणकावरील त्याचा संपूर्ण फोल्डर उचलून नव्यावर ठेवला, तर कित्येकदा तो सुरू होतो.

३२ बिट प्रोग्रॅम विंडोज ११ वर सहसा चालतात. त्यांच्याबाबतीत उद्भवणारी एक अडचण मात्र विस्ताराने सांगायला हवी, कारण तिच्यामुळे नोंदी हरवल्याचा भास होतो आणि कधीकधी त्या खरोखरच हरवतात. जुने प्रोग्रॅम आपली माहिती स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या आत लिहीत. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तेथे लिहिण्यास सामान्य परवानगी उरली नाही. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक युक्ती योजली. प्रोग्रॅमने तेथे लिहिले की विंडोज ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या खासगी जागेतील 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते आणि प्रोग्रॅमला वाटते की सारे पूर्वीच्याच जागी आहे. त्यामुळे आपण 'प्रोग्रॅम फाइल्स'मधला फोल्डर दर शनिवारी पेनड्राइव्हवर घेत असलो, तरी ताज्या नोंदी त्यात नसतातच. दुसऱ्या कर्मचाऱ्याने आपल्या नावाने संगणक उघडला तर त्याला जुन्याच नोंदी दिसतात. कोणीतरी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून पाहावे असे सुचवतो. तसे करताच प्रोग्रॅम मूळ जागा वाचू लागतो आणि मधल्या काही महिन्यांचा हिशेब नाहीसा झाल्यासारखा वाटतो. यावरचा उपाय सोपा आहे. असे सॉफ्टवेअर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसवूच नये. सी ड्राइव्हवर थेट वेगळा फोल्डर करून त्यात बसवावे. आधीच बसवले असेल, तर 'व्हर्च्युअल स्टोअर'मधील फाइली शोधून त्या प्रथम सुरक्षित कराव्यात.

डॉसच्या प्रोग्रॅमसाठी २००२ पासून उपलब्ध असलेले 'डॉसबॉक्स' हे मोफत सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे. ते प्रोसेसरसकट एका जुन्या संगणकाचे संपूर्ण सोंग वठवते, म्हणून ६४ बिटची अडचण त्याला भेडसावत नाही. मॅक आणि लिनक्सवरही ते चालते. सोंगाचा वेग कमी-जास्त करता येतो, ही आणखी एक जमेची बाजू. कारण काही प्रोग्रॅमना संगणकाचा वेगच बाधतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम सुरू होताच '२०० क्रमांकाची चूक' दाखवून थांबत. संगणक किती वेगवान आहे हे ते आरंभीच मोजत. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे ही मोजणी त्यांना दिलेल्या खणात मावेनाशी होई आणि भागाकार फसे. यंत्र संथ केले की तोच प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो.

डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी रचलेले आहे, हे मात्र विसरू नये. छपाईची सोय त्यात नाही आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमचा अर्धा जीव छपाईत असतो. जुने प्रोग्रॅम समांतर पोर्टवर, म्हणजे 'एलपीटी १' वर मजकूर थेट पाठवत. आपल्याकडील दुकानांतून करकर आवाज करीत बिले छापणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याला जोडलेले असत. नव्या संगणकाला ते पोर्टच नसते. 'डॉसबॉक्स-एक्स' आणि खास व्यावसायिक प्रोग्रॅमसाठी तयार केलेले 'व्हीडॉस' हे दोन पर्याय तो मजकूर विंडोजच्या प्रिंटरकडे वळवू शकतात. एकाच हिशेबावर दोन-तीन संगणकांवरून एकाच वेळी काम चालत असेल, तर मात्र डॉसबॉक्सच्या वाटेला जाऊ नये. एकाने उघडलेली नोंद दुसऱ्याने बदलू नये यासाठीचे कुलूप तेथे भरवशाने लागेलच असे नाही. विंडोज ३.१ च्या काळातील प्रोग्रॅमसाठी 'ओटीव्हीडीएम' नावाचे छोटे साधन आहे; लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या 'वाइन'वर ते आधारलेले आहे.

या सर्वांतून काहीच साधले नाही, तर आभासी संगणक हा भक्कम पर्याय उरतो. 'व्हर्च्युअलबॉक्स'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळा संगणक कल्पून त्यात जुने विंडोज रीतसर परवान्यासह बसवायचे आणि त्याच्या आत आपला प्रोग्रॅम चालवायचा. हा सगळा संगणक म्हणजे डिस्कवरची एक भलीमोठी फाइल असल्याने तिची प्रत काढून ठेवली की पुढे कोणत्याही यंत्रावर तो जसाच्या तसा उभा राहतो. आत एक्सपी असेल तर त्याला इंटरनेटपासून दूर ठेवावे. एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या आहेत. अनेक महागड्या सॉफ्टवेअरसोबत डोंगल, म्हणजे कुलपाचे काम करणारा एक छोटा खटका, येत असे. यूएसबीचा डोंगल आभासी संगणकाला सहसा जोडता येतो. समांतर पोर्टचा असेल तर अवघड असते.

मराठी मजकुराची गोष्ट याहून निराळी आहे. १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणीसाठी जी सॉफ्टवेअर आली, त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले आणि ते प्रत्येकाने आपापल्या सोयीने बसवले. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचाच असतो; विशिष्ट फॉन्ट असेल तोवरच तो मराठी दिसतो. म्हणून जुने सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालवण्यात यश आले, तरी स्मरणिकेचा किंवा ग्रंथसूचीचा मजकूर शोधता येत नाही, इतरत्र वापरता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला प्रत्येक वर्णासाठी स्वतंत्र आणि सर्वमान्य क्रमांक आहे आणि विंडोज २००० पासून विंडोजमध्ये त्याची सोय आहे.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेणारी रूपांतरके मिळतात. त्यांचे काम वाटते तितके यांत्रिक नसते. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना डोळ्यांना दिसते त्याप्रमाणे आधी वेलांटी आणि मग 'क' साठवला जातो. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी 'क', नंतर वेलांटी. 'धर्म' या शब्दातील रफार जुन्या पद्धतीत 'म' नंतर येतो, युनिकोडमध्ये 'म' च्या आधी. प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार असा उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो आणि जोडाक्षरांच्या गर्दीत तो चुकीच्या जागी पडतो. तेव्हा रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे असलेले शब्द माणसाने एकदा वाचून तपासलेच पाहिजेत. शेकडो पानांचा ग्रंथ असेल तर हे काम काही आठवड्यांचे असते. ते टाळता येत नाही.

हिशेबाच्या नोंदींचे काम त्यामानाने हलके आहे. फॉक्सप्रोमध्ये केलेल्या प्रोग्रॅमच्या 'डीबीएफ' फाइली लिब्रे ऑफिसमध्ये, एक्सेलमध्येही, थेट उघडतात. त्यासाठी मूळ प्रोग्रॅम चालावा लागत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची असली, तरी त्याच्या फाइली वाचण्याची सोय लिब्रे ऑफिसमध्ये आहे. मांडणी थोडी विस्कटते, मजकूर हाती लागतो. कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपन्यांना किमान आठ आर्थिक वर्षांची हिशेबपुस्तके जपावी लागतात. त्यासाठी तेवढीच वर्षे जुना प्रोग्रॅम जिवंत ठेवण्याऐवजी तो चालतो आहे तोवर सगळे अहवाल पीडीएफमध्ये आणि नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढून ठेवणे केव्हाही स्वस्त.

जुना संगणक अजून सुरू होत असेल, तर तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी आणखी एक काम उरकावे. मायक्रोसॉफ्टचेच 'डिस्क टू व्हीएचडी' नावाचे मोफत साधन चालू संगणकाच्या हार्ड डिस्कची आभासी संगणकात वापरता येईल अशी हुबेहूब प्रत काढते. ती बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, नव्या यंत्रावर उघडून पाहावी आणि तिच्यात मागच्या आर्थिक वर्षाचा ताळेबंद दिसतो आहे याची खात्री करूनच जुन्या संगणकाची तार काढावी. मूळ सीडी आणि परवान्याचा क्रमांक लिहिलेले पाकीट सापडले, तर तेही त्या डिस्कसोबतच ठेवावे.