पावसाळ्यातील उघडीप

मृगाचा पाऊस झाला म्हणजे पुढे पावसाळा अखंड चालेल, असा मुलांचा समज असतो. तो दूर करणे अगत्याचे आहे.

मे महिन्यात वायव्य भारताची भूमी अतिशय तापते व तेथील वायुभार कमी होतो. समुद्रावरील बाष्पयुक्त वारे तिकडे ओढले जातात. हे नैर्ऋत्य वारे साधारणतः १ जूनला केरळात व ११ जूनला मुंबईस पोहोचतात. जुलैत राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी भाराचा पट्टा पसरलेला असतो. तो दक्षिणेकडे सरकला की महाराष्ट्रात पाऊस वाढतो. हिमालयाच्या पायथ्याशी गेला की तेथे अतिवृष्टी होते व इकडे उघडीप पडते. असा खंड बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये पडतो. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३ चा ऑगस्ट भारतातील सर्वांत कोरडा ठरला. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात हे वारे महाराष्ट्रातून माघार घेतात.

पेरणीनंतर लगेच उघडीप लांबली तर शेतकऱ्यावर दुबार पेरणीचा प्रसंग येतो. ऑगस्टमध्ये लांबली तर फुलोऱ्यातील पीक वाळते.

शिक्षकांनी मुलांकडून रोज वाऱ्याची दिशा व पर्जन्यमापकातील पाऊस मिलिमीटरांत नोंदवून घ्यावा. कोरड्या दिवशीही शून्य लिहावे. खंड किती दिवसांचा होता, हे त्या शून्यांवरूनच मुलांस कळेल.