डॉलरविना दोस्ती

भारत आणि सोव्हिएत संघाचे राजनैतिक संबंध १३ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या चार महिने आधीच जुळले. पहिल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित. स्टालिनने मात्र त्यांना कधी भेट दिली नाही. पहिला व्यापार करार झाला तोही त्याच्या निधनानंतर, डिसेंबर १९५३मध्ये.

खरी गंमत होती पैशांच्या व्यवहारात. भारताला डॉलरची कायमची चणचण. तेव्हा यंत्रे, तेल, शस्त्रे यांची किंमत रुपयांत चुकती व्हायची. ते रुपये भारतातच मॉस्कोच्या खात्यावर राहायचे आणि त्यांतून चहा, तंबाखू, तयार कपडे, चामड्याच्या वस्तू तिकडे जायच्या. गिऱ्हाईक हक्काचे; त्यामुळे आपले काही निर्यातदार दर्जाबाबत सुस्तावले, हेही खरेच.

भिलाईचा पोलाद कारखाना (करार १९५५), पवईची आयआयटी (१९५८, युनेस्कोमार्फत) आणि मुंबई हायचे सुरुवातीचे सागरी सर्वेक्षण, तिन्हींमागे सोव्हिएत मदत होती.

१९९१मध्ये संघ कोसळला, भारताचे देणे उरले. जानेवारी १९९३च्या करारानुसार ते रशियाला रुपयांतच फेडायचे ठरले. त्यातल्या एका हिश्शाची मुदत होती ४५ वर्षे, तीही बिनव्याजी.