जुन्या मोटारीचे आयुष्य आणि कारागिराचा हात



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘जुन्या ब्रिटिश स्पोर्ट मोटारींची निगा व पुनर्बांधणी’ हा विषय पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्या तामलवाडीच्या रस्त्याने तुळजापूरच्या एस.टी. गाड्या, उसाच्या ट्रॉल्या आणि यात्रेकरूंच्या जीपा धावतात, तेथे दोन माणसे बसण्याच्या, कापडी टपाच्या शौकीन मोटारीचे कौतुक कशाला? आणि तेही कामगार चळवळीत उभे आयुष्य काढलेल्या माणसाने का करावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, ही मोटार ज्याच्या नावावर असते तो मालक एक, आणि ती ज्याच्या हाताने चालू राहते तो कारागीर दुसरा. पहिल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. मला बोलायचे आहे ते दुसऱ्याविषयी. परंतु काम समजल्यावाचून काम करणाऱ्याची किंमत समजत नाही, म्हणून आधी काम पाहू.

ह्या मोटारी कोणत्या?

इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे ‘मॉरिस गॅरेजेस’ नावाची विक्री-दुरुस्तीची पेढी होती. तिचे व्यवस्थापक सेसिल किंबर ह्यांनी १९२०च्या दशकात साध्या मॉरिस मोटारीचा सांगाडा घेऊन त्यावर हलकी, वेगवान गाडी बांधण्यास सुरुवात केली. पेढीच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले एम.जी. १९२९ साली कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे ‘टी.सी.’ नावाची गाडी निघाली. १९४५ ते १९४९ ह्या काळात तिच्या सुमारे १०,००० गाड्या झाल्या. मग १९५५ साली ‘एम.जी.ए.’ आणि १९६२ साली ‘एम.जी.बी.’ आली. ही शेवटची तर १९८० पर्यंत पाच लाखांहून अधिक खपली. ट्रायम्फ कंपनीची ‘स्पिटफायर’ आणि जग्वारची ‘ई-टाइप’ ह्या तिच्याच काळातल्या.

ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद पडला. गिरणी बंद पडल्यावर गावाचे काय होते हे सोलापूरकडच्या माणसास वेगळे सांगायला नको. कारखाना गेला, पण त्याने केलेल्या गाड्या राहिल्या. आज भारतात एम.जी. नावाच्या नव्या मोटारी २०१९ पासून विकल्या जातात. हे नाव आता चिनी कंपनीकडे आहे, आणि नावापलीकडे त्या गाडीचा जुन्या एम.जी.शी काही संबंध नाही.

आपले नाते

आता ह्या परक्या गाडीशी आपल्या फिटरचे नाते कसे जुळले ते पाहा. स्वातंत्र्यानंतर परदेशी चलनाची टंचाई होती आणि देशात उद्योग उभा करायचा होता, म्हणून तयार मोटारींची आयात जवळजवळ थांबली. १९५४ साली जनरल मोटर्सने मुंबईतला आपला जुळणी-कारखाना बंद केला. पूर्वी येऊन पडलेल्या एम.जी., रायली, जग्वार गाड्यांना सुटे भाग मिळेनासे झाले. परंतु त्याच सुमारास हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डवरून आधी ‘लँडमास्टर’ आणि पुढे ‘ॲम्बॅसडर’ काढली. १९५९च्या सुमारास ॲम्बॅसडरला जे १४८९ सी.सी.चे इंजिन बसले, तेच इंजिन एम.जी.ए. ह्या स्पोर्ट गाडीत होते. सिलिंडरचा व्यास तोच, पिस्टनची धाव तीच. फरक इतकाच की एम.जी.ला दोन कार्बोरेटर आणि अधिक दाब, तर ॲम्बॅसडरला एक कार्बोरेटर आणि शांत चाल. तसेच मद्रासला १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेरॉल्ड’ होऊ लागली, आणि तिच्याच सांगाड्याची लांबी कमी करून ट्रायम्फने स्पिटफायर बांधली होती.

ह्याचा अर्थ असा की, ज्या फिटरने पन्नास वर्षे टॅक्सीच्या ॲम्बॅसडरचे व्हॉल्व्ह घासले, तो शाळेत न जाता ह्या स्पोर्ट मोटारीचा जाणकार झाला. पुण्याच्या नाना पेठेत नाहीतर मुंबईच्या चोरबाजारात हवा तो भाग मिळाला नाही, तर तो लेथवर करून घेतला. अडचणीने त्याला शिकविले.

तीन वेगळी कामे

लोक ‘रिपेरी’ हा एकच शब्द वापरतात, पण कामे तीन आहेत. पहिले निगा. किंगपिन आणि सांधे ह्यांना ठरल्या वेळी ग्रीस, इंजिनात तेल, ब्रेकमध्ये ताजे तेल. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा पिते, त्याने सिलिंडर आतून गंजतो; म्हणून उभ्या गाडीचेही ते बदलावे लागते. दुसरे दुरुस्ती, म्हणजे मोडले ते नीट करणे. तिसरे पुनर्बांधणी, म्हणजे गाडी सुटी सुटी करून पुन्हा उभी करणे. ज्याची निगा नीट राखली त्याच्यावर तिसऱ्या कामाची पाळी क्वचितच येते. आपल्याकडे पहिल्या कामाला पैसे द्यायला मालक कुरकुरतो आणि तिसऱ्याला लाखो रुपये खर्चून समारंभ करतो.

आट्यांची गंमत

बाहेरच्या माणसाला नटबोल्ट सारखेच दिसतात. व्हिटवर्थ ह्या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली आट्यांचे पहिले प्रमाण बांधले, त्यात आट्याचा कोन ५५ अंश. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन ह्यांनी मिळून ठरविले ते ६० अंश. व्हिटवर्थच्या पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टाच्या जाडीचा, पान्याच्या तोंडाचा नव्हे. त्यामुळे ‘अर्धा इंच’ लिहिलेल्या पान्याचे तोंड अर्ध्या इंचाहून बरेच मोठे असते. त्यातही टी.सी.च्या इंजिनाचा प्रकार न्यारा! मॉरिसने १९२३ साली हॉचकिस ह्या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीचा इंजिन-कारखाना घेतला. तेथली यंत्रे फ्रेंच मापांची. म्हणून आटे मिलिमीटरचे आणि बोल्टाचे डोके मात्र इंग्रज पान्याला बसेल असे व्हिटवर्थचे. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाने साधा इंची बोल्ट जोर लावून पिळला की शंभर किमतीच्या बोल्टापायी लाखाचे इंजिन फुटते. उस्ताद तो आधी बोटांनी फिरवून पाहतो. दोन आटे अडखळले की काढून ठेवतो. हे बोटांचे ज्ञान पुस्तकात उतरत नाही.

श्वास मोजणारा कान

ह्या गाड्यांना बहुधा एस.यू. कार्बोरेटर असतो. त्याची रचना साधी आणि सुंदर आहे. इंजिनाने हवा ओढली की आतला पिस्टन वर उचलला जातो. त्याला खाली निमुळती सुई टांगलेली असते आणि ती पेट्रोलच्या तोंडात बसलेली असते. पिस्टन वर गेला की हवेला वाट रुंद होते, सुईही वर सरकते, आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल वाढते. पिस्टन एकदम उसळू नये म्हणून वरच्या नळकांड्यात थोडे तेल घालतात. ते तेल संपले तर गाडी वेग घेताना अडखळते, आणि अडाणी मेकॅनिक मात्र प्लग बदलत बसतो!

दोन कार्बोरेटर असले की दोघांनी सारखा श्वास घेतला पाहिजे. उस्ताद रबरी नळीचे एक टोक कानाला लावतो, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतो, आणि दोन्हींचा सुस्कारा सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवतो. मग पिस्टन किंचित उचलून पाहतो. इंजिन क्षणभर चढून स्थिरावले तर मिश्रण बरोबर. चढून तसेच राहिले तर पेट्रोल जास्त, आणि बंद पडू लागले तर पेट्रोल कमी.

लाकूड, पत्रा आणि वीज

टी.सी.च्या पत्र्याखाली ॲश जातीच्या लाकडाचा सांगाडा असतो. दार लोंबू लागले तर बिजागरीला दोष देण्यापूर्वी आतले लाकूड कुजले का ते पाहावे लागते. ॲश आपल्याकडे होत नाही; मुरलेले सागवान त्या जागी चालते, पण सांधा जमविणारा सुतार हवा. एम.जी.बी.ची गोष्ट निराळी. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटी हाच तिचा कणा, आणि दाराखालची पट्टी हा त्या कण्याचा मुख्य भाग. मुंबईच्या खाऱ्या हवेत ती आतून गंजते. सोलापूर-धाराशिवच्या कोरड्या उन्हात पत्रा टिकतो, मात्र रबर तडकते आणि लाकूड आकसते. गंजलेली पट्टी कापण्याआधी गाडीला खालून टेके द्यावे लागतात आणि दारे जागेवर बसवून ठेवावी लागतात. नाहीतर पेटी मधून वाकते, आणि नवी पट्टी जोडल्यावर दार कधीच लागत नाही. इंग्लंडात एका संस्थेने जुने साचे शोधून १९८८ साली एम.जी.बी.ची पेटी पुन्हा नवी करायला घेतली. आपल्याकडचा साचा म्हणजे डेंटरचा हात.

विजेची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६७ पर्यंतच्या एम.जी.त बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या सवयीने कोणी ऋण टोक जोडले, तर गाडीतली जोडणी उलटी होऊन उपकरणे जळण्याचा धोका असतो.

आपल्या उसाचे पेट्रोल

एक प्रश्न आपल्या दारातला आहे. भारतात २००० साली शिसेमिश्रित पेट्रोल बंद झाले. ते आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच झाले. पण जुन्या इंजिनात ते शिसे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक ह्यांच्यामध्ये गादीचे काम करी. ते गेल्यावर बैठक झिजू लागली. उपाय असा की, हेड मशीनवर कातून कठीण पोलादाच्या कड्या बसवायच्या. आता २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल घातलेले पेट्रोल मिळते. ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यांतल्या उसाच्या मळीतून आणि रसातून निघते, शेतकऱ्याच्या घरी त्याचे चार पैसे येतात. त्यास माझा विरोध नाही. परंतु इथेनॉल पाणी ओढते, जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि मऊ करते, आणि त्याला पेट्रोलचे प्रमाण वाढवून द्यावे लागते. म्हणून जुन्या मोटारीच्या नळ्या, वॉशर आणि कार्बोरेटरची सुई बदलली पाहिजे, आणि टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवता कामा नये. नळी फुटून गरम इंजिनावर पेट्रोल पडले तर जळते ती गाडी आणि होरपळतो तो खाली निजून काम करणारा पोरगा.

कायद्यात गाडी आहे, माणूस नाही

१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी ह्यात बसते. तिला ‘व्ही.ए.’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि फेरनोंदणीस ५,००० रुपये शुल्क आहे, मुदत १० वर्षांची. रोजच्या किंवा धंद्याच्या वापरास ती रस्त्यावर आणता येत नाही. हे ठीकच झाले. पन्नास वर्षांच्या लोखंडाला सरकारने मान दिला.

पण त्याच लोखंडापाशी पन्नास वर्षे काढलेल्या माणसाचे काय? महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा पाहा. थोडे कामगार असलेल्या लहान आस्थापनांना त्यातील बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत. रस्त्याकडेच्या गॅरेजात तीन-चार माणसे असतात: उस्ताद, डेंटर, रंगारी आणि हाताखालचा पोरगा. म्हणजे ज्यांच्या हातांनी ही गाडी उभी राहते, ते ह्या कायद्याच्या संरक्षणाबाहेरच राहतात.

आणि धोका लहान नाही. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये आणि क्लच-प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडविण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. ती धूळ फुप्फुसात बसते आणि वीस-चाळीस वर्षांनी कर्करोग होऊन उठते. ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली, पण त्या आधीच्या गाड्या आपल्याकडे उभ्या आहेतच. धूळ पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, हवा कधीही मारू नये. पत्र्यातील खड्डे भरायला शिसे वापरले असेल तर ते कोरडे घासू नये. जुना रंग खरवडताना तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, धुळीसाठी केलेला चांगला मास्क हवा. हा सारा खर्च गाडीच्या एका क्रोम बंपरपेक्षा कमी आहे.

काय करता येईल

ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तिच्यावर हात बसलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. नव्या मुलांना संगणक लावून दोष शोधायला शिकवितात, आणि ते आवश्यकच आहे. पण रबरी नळीने कार्बोरेटरचा श्वास ऐकणे त्यांना कोण शिकविणार? ह्यासाठी तीन गोष्टी सुचवितो. आय.टी.आय.ने वर्षातून काही दिवस अशा उस्तादांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे. प्रमाणपत्र नाही म्हणून दारातून परत पाठवू नये. मोटारमालकांच्या मंडळांनी प्रदर्शनात गाडीपुढे जी पाटी लावतात, तिच्यावर मालकाच्या नावाखाली फिटर, डेंटर, सुतार आणि रंगारी ह्यांचीही नावे लिहावीत. आणि गॅरेजातल्या माणसांनी एकेकटे न राहता तालुक्याची संघटना करावी. मास्क, विमा आणि कामाचा दर ह्या गोष्टी एकट्याने मागून मिळत नाहीत, चाळीस जणांनी मागितल्या तर मिळतात.

तुमच्यापैकी कोणाच्या वाड्यात, गोठ्यात आजोबांची मोटार ताडपत्रीखाली उभी असेल, तर ती भंगारात देण्यापूर्वी एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीस बोलावून दाखवा. बरोबर त्याचा नातू किंवा एखादा शिकाऊ मुलगा येऊ द्या. मिस्त्री बोनेट उघडून जे बोलेल ते त्या मुलाला वहीत लिहून घ्यायला सांगा, आणि निघताना मिस्त्रीला त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या.